तिला काय कळतंय?

गेल्या वर्षी आमच्या घरी नात आली. माझा मुलगा पुस्तकवेडा. बाळ दहा दिवसांचे झाले नाही तोच तो पाळण्याशेजारी खुर्ची ओढून तिला मोठ्याने वाचून दाखवू लागला. कधी बालकविता, तर कधी हातात असेल ते प्रवासवर्णन! बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी हे पाहून हसल्या. म्हणाल्या, "अहो दादा, तिला काय कळतंय त्यातलं?"

प्रश्न अगदी रास्त होता. पण ज्याला बोलता येत नाही, त्याला काय कळते हे विचारायचे तरी कसे?

तान्ह्या बाळाला एक गोष्ट उत्तम जमते, ती म्हणजे चोखणे. अमेरिकेतील डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी नेमका तिचाच उपयोग केला. त्यांनी काही गर्भवतींना शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा एक ठरावीक गोष्ट मोठ्याने वाचायला सांगितली. जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच बाळांच्या तोंडात यंत्राला जोडलेली रबरी चोखणी दिली. बाळे चोखताना मधूनमधून थांबतात. काही बाळांच्या बाबतीत थांबा लांबला, तर काहींच्या बाबतीत तो आखूड झाला, की ओळखीची गोष्ट ऐकू येई, एरवी अनोळखी. बाळांनी चक्क आपली चोखण्याची लय बदलली आणि ओळखीची गोष्ट मिळवली! ती दुसऱ्या बाईच्या आवाजात असली तरीही. हे संशोधन १९८६ साली प्रसिद्ध झाले.

यावरून अभिमन्यूची कथा खरी ठरली, असे मात्र कोणी समजू नये. बाळाला गोष्टीचा अर्थ कळलेला नव्हता. मग ओळखले काय? एक साधा प्रयोग करा. शेजारच्या खोलीत कोणाला तरी वाचायला सांगा आणि दार लावून घ्या. शब्द नीट कळणार नाहीत. पण आवाजाचे चढउतार, लय, कोठे प्रश्न विचारला आणि कोठे वाक्य संपले, हे बऱ्यापैकी कळेल. गर्भातही असेच घडते. आईच्या शरीरातून जाताना आवाजातील उच्च वारंवारतेचा भाग बराचसा गाळला जातो आणि मागे उरतो तो बोलण्याचा सूर. बाळाची ओळख होते ती या सुराशी.

आता डोळ्यांचे पाहू. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात बरे दिसते. अंगावर पाजताना आईचा चेहरा जवळपास एवढ्याच अंतरावर असतो. फँट्झ यांनी १९६३ साली पाच दिवसांपर्यंतच्या बाळांना काही गोल चकत्या दाखवल्या. साध्या रंगीत चकत्यांपेक्षा बाळे आकृती असलेल्या चकत्यांकडे अधिक वेळ पाहत राहिली. त्यांतली एक चकती होती छापील वर्तमानपत्राच्या तुकड्याची! सर्वांत जास्त वेळ मात्र त्यांनी पाहिले ते चेहऱ्याच्या चित्राकडे.

पुढच्या काही महिन्यांत कानही तयार होत जातो. 'ताक' आणि 'टाक' यांतला फरक आपल्याला सहज कळतो; इंग्रजी भाषकांना तो जड जातो. वर्कर आणि टीस यांनी १९८४ साली हिंदीतल्या अशाच 'त' आणि 'ट' या ध्वनींचा अभ्यास केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. म्हणजे जे ध्वनी कानावर पडत नाहीत, त्यांकडे कान दुर्लक्ष करू लागतो.

मग ध्वनिफीत लावून ठेवली, किंवा बाळासमोर मोबाइल धरला, तर चालेल का? पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हेच तपासले. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांपुढे बसून काही जणांनी चिनी भाषेत पुस्तके वाचली, खेळणी दाखवली. बारा बैठकांनंतर ही बाळे चिनी ध्वनी ओळखू लागली. तेच वाचन पडद्यावर पाहिलेली किंवा नुसते ऐकलेली बाळे मात्र काहीच शिकली नाहीत. समोर जिवंत माणूस हवा!

हे सारे मी मावशींना सांगितले. त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या सुनेला सातवा लागलाय. आमच्यात वाचता कुणालाच येत नाही. मग आमच्या बाळाचं कसं व्हायचं?"

मी चपापलो. कारण न्हाऊ घालताना त्याच तर आमच्या नातीशी अखंड बोलत असत. तिने हुंकार दिला की थांबत, "व्हय का?" म्हणून पुढे बोलत. वर सांगितलेल्या प्रयोगांत बाळाला लागले ते सारे त्यांच्यापाशी होते : लय, चेहरा, जवळीक आणि समोर जिवंत माणूस.

मग पुस्तकाचा उपयोग काय? रोजच्या बोलण्यात 'जेव', 'झोप', 'ये' असे शब्द फिरून फिरून येतात. पुस्तक त्यांत नदी, गलबत, चांदणे आणते आणि दमलेल्या आईबापांनाही रोज बाळाजवळ बसायला निमित्त देते. आपल्या वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी पुस्तके नाहीत, त्यांना शाळेतले एखादे पुस्तक घरी न्यायला द्या आणि धाकट्या भावंडाला वाचून दाखवायला सांगा. मावशींची थोरली नात चौथीत आहे. आमच्याकडचे एक चित्रांचे पुस्तक आता त्यांच्या घरी आहे.