फोडांचें कुळ

तोंड येणें कोणास ठाऊक नाहीं? परंतु तोंडांतील व्रण महिनोन् महिने भरत नाहींत आणि पुढें अंगावर पाणी भरलेले फोड उठूं लागतात, तेव्हां उष्णतेस दोष देऊन भागत नाहीं. तो कदाचित् 'पेम्फिगस' असतो. जंतूंशीं लढण्यासाठीं शरीर निर्माण करितें तसलींच प्रतिद्रव्यें ह्या रोगांत स्वतःच्या त्वचेवर उलटतात व तिच्या पेशी सांधणारीं प्रथिनें निकामी करितात. विटा शाबूत, पण मधला चुना गेलेला! बहुधा वृद्धांस होणाऱ्या 'पेम्फिगॉइड'मध्यें मात्र वरचा थरच्या थर खालच्यापासून सुटतो. ह्यास पुष्कळदा तीव्र स्टेरॉइडचें मलम पुरतें. पेम्फिगसला सहसा पुरत नाहीं, आणि स्टेरॉइड औषधें येण्यापूर्वीं तो बहुधा प्राणच घेई.

१९६४ सालीं अमेरिकेंतील बफेलो येथें ब्यूटनर व जॉर्डन ह्यांनीं पेम्फिगसच्या रोग्यांच्या रक्तांत हीं प्रतिद्रव्यें दाखवून दिलीं. आज फोडालगतच्या धड त्वचेचा बारीकसा तुकडा काढून त्यास चकाकणारें द्रव्य लावितात. सूक्ष्मदर्शकाखालीं पेम्फिगसमध्यें कोळ्यांच्या जाळ्यासारखी हिरवी वीण दिसते, पेम्फिगॉइडमध्यें एकच सलग रेघ. रक्ताची 'एलायझा' परीक्षा प्रतिद्रव्यांचें प्रमाण आकड्यांनीं सांगते, तें औषध कमीअधिक करतांना उपयोगी पडतें. तुकडा मात्र नेहमींच्या संवयीनें फॉर्मॅलिनमध्यें टाकला, तर ही चकाकीची परीक्षा फुकट जाते व रोग्यास पुन्हां सुरीखालीं यावें लागतें.