पट्टे दिसले पाहिजेत

पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं. सुन्ना किंवा माथनी गेटातून आत गेलं की सागवान, गवत, पाणवठे आणि नशीब असलं तर वाघ. तिथले फोटो वेबसाइटवर गॅलरी करून लावायचे, तर प्रत्येकाच्या दोन प्रती लागतात. एक मोठी, तपशिलाची. दुसरी थंबनेल, जिच्यावर बोट टेकवलं की मोठी उघडते.

मोठ्या प्रतीचं मोल वाघाच्या पट्ट्यांत आहे. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचेही नसतात. म्हणून कॅमेरा ट्रॅप वाटेच्या दोन्ही बाजूंना लावतात. 2018च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे होते. त्यांनी टिपलेल्या तीन कोटी 48 लाखांहून अधिक फोटोंपैकी वाघाचे 76,651, आणि त्यांतला एकेक वाघ पट्ट्यांवरूनच वेगळा काढला गेला. टिपेश्वरचा ‘वॉकर’ नावाचा वाघ 2019 मध्ये तिथून निघून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. कॉलर नसलेला वाघ कुठून कुठे गेला हे सांगायला फोटोच लागतो. हौशी माणसाने काढलेला स्पष्ट फोटोही इथे कामाचा ठरू शकतो, आणि मला गॅलरीचं खरं महत्त्व यातच वाटतं.

म्हणून मोठी प्रत करताना हात आखडू नये. कॅमेऱ्यातली 6000 बाय 4000 पिक्सेलची मूळ फाइल तशीच जपून ठेवावी आणि तिच्या नकलेची लांब बाजू 2000 पिक्सेलवर आणावी. जेपेग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन करून बारकावे गाळतं. क्वालिटी फार उतरवली की पट्ट्यांच्या कडांभोवती धूसर ठिपके उठतात. 85च्या आसपास ठेवलं तर बहुतेक वेळा निभावतं. नॉइज काढायच्या नादात कातडी गुळगुळीत करू नये, बारीक पट्टे तिथेच पुसले जातात.

थंबनेलचं गणित निराळं. चार एमबीचे चाळीस फोटो एकाच पानावर टाकले तर 160 एमबी होतात. खेड्यातल्या नेटवर्कवर ते पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जाईल. वीस केबीची चाळीस थंबनेल 800 केबीत बसतात.

पण अख्खा फोटो नुसता आक्रसून थंबनेल होत नाही. एप्रिलमधल्या वाळक्या गवतात बसलेला वाघ 300 पिक्सेलमध्ये हरवतोच, उरतो तो पिवळा चौकोन. म्हणून आधी क्रॉप करावा: चेहरा, खांदा किंवा कूस, चौकटभर. मग लहान करावा, तोही बायक्युबिक किंवा लँक्झोस पद्धतीने. ‘निअरेस्ट नेबर’ मधले पिक्सेल सरळ सोडून देतं, त्यामुळे पट्टे तुटतात. शार्पनिंग सगळ्यात शेवटी आणि हलक्या हाताने. रंगासाठी एसआरजीबी ठेवावं, म्हणजे मोबाईलवर भगवा फिका पडत नाही.

एका बाबतीत हयगय नको. जीपीएस चालू असेल तर फोन किंवा कॅमेरा फोटोच्या एक्झिफ माहितीत अक्षांश-रेखांश नोंदवून ठेवतो. पिल्लांसोबतच्या वाघिणीचा पाणवठा शिकाऱ्याला त्यातून नेमका सापडू शकतो. एक्झिफटूलसारख्या मोफत साधनाने दोन्ही प्रतींतलं ठिकाण पुसावं आणि फाइलच्या नावातही पाणवठ्याचं नाव घालू नये. तारीख राहू द्यावी. कोणती कूस, डावी की उजवी, हे मात्र फोटोखाली आवर्जून लिहावं आणि पिल्लांचे फोटो ती मोठी झाल्यावरच चढवावेत.