तेल कुठे जाते?

आमच्या अंगणात एक काळा डाग होता. सुरुवातीला रुपयाएवढा, मग पुरीएवढा आणि २०२३च्या उन्हाळ्यापर्यंत चांगला बाजरीच्या भाकरीएवढा. सौभाग्यवतीने तो राखेने घासून पाहिला, मग रांगोळी दोन हात पलीकडे सरकवली आणि शेवटी "तुमच्या गाडीचं पोट बिघडलंय," असा शेरा मारून विषय संपवला. मी गाडीखाली पुठ्ठा टाकू लागलो.

गाडी म्हणजे पिकअप. मी नारायणगावाजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. धाकट्या भावाची टोमॅटोची शेती. फंडाच्या पैशांतून २०१९ साली ही जुनी पिकअप घेतली आणि मास्तर एकदम वाहतूकदार झाला. रात्री क्रेट भरायचे, आळेफाटा, ओतूर, माळशेज करत पहाटे वाशीच्या बाजारात माल उतरवायचा, असा आमचा क्रम. ड्रायव्हर माझाच विद्यार्थी. आठवीत मागच्या बाकावर बसणारा. पण गाडीचा आवाज मात्र त्याला डॉक्टरला नाडी कळावी तसा कळे.

तेलगळती ही मोठी फसवी गोष्ट आहे. तेल जिथे दिसते तिथून ते गळत असतेच असे नाही. वरून निघालेला ओघळ इंजिनाच्या अंगावरून वाट काढत सर्वांत खालच्या बोल्टला येऊन लोंबतो. त्यात गाडी धावताना समोरचा वारा ते मागे फेकतो. पुढचे पाप मागच्याच्या माथी! आम्ही पहिल्या गॅरेजात गेलो तेव्हा मिस्त्रीने खाली वाकून चेंबर ओला पाहिला आणि चेंबरचे पॅकिंग बदलले. वर सिलिकॉनचा असा जाड थर दिला की केकवरच्या क्रीमची आठवण यावी. (हा थर आतल्या बाजूलाही दाबला जातो, त्याचा तुकडा सुटून तेल ओढणाऱ्या जाळीत अडकला तर इंजिनच उपाशी मरते, हे मला नंतर कळले.) आठ दिवस पुठ्ठा कोरडा. नवव्या दिवशी भाकरी हजर.

दुसऱ्या गॅरेजने निदान केले, क्रँकचे मागचे ऑइल सील. हे सील स्वस्त असते. पण त्याच्यापर्यंत पोचायला गिअर बॉक्स खाली घ्यावा लागतो, क्लच सोडावा लागतो, फ्लायव्हील काढावे लागते. दोन दिवस गाडी उभी आणि अकरा हजार रुपये बिल. सील बदलले. तीन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. मधल्या काळात ड्रायव्हर एकदा म्हणाला होता, "सर, ऑइलच्या गेजची काडी आपोआप वर येते." मी म्हणालो, "नीट दाबून बसवत जा." तीस वर्षे मुलांना 'निरीक्षण करा' म्हणून सांगणाऱ्या माणसाचे हे उत्तर होते.

आता जुलै २०२३ आठवा. त्या महिन्यात टोमॅटोने कांद्यालाही लाजवले. नारायणगावात वीस किलोचा क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेला. ज्या पिकाने वर्षानुवर्षे रस्त्यावर ओतायची पाळी आणली, त्याला सोन्याचा भाव! अशा वेळी गाडी उभी ठेवणे कुणाला परवडणार? खेपा वाढल्या आणि तेलही वाढले. खेपेमागे लिटर, कधी सव्वा लिटर. इंजिनात मावते ते सहा लिटरच्या आसपास.

इथे माझ्यातला विज्ञान शिक्षक जागा झाला, नको त्या वेळी. पाण्याचे वीस थेंब म्हणजे ढोबळमानाने एक मिलिलिटर. तेलाचा थेंब त्याहून लहान. म्हणजे एक लिटर गळायला वीस हजारांहून अधिक थेंब हवेत. पुठ्ठ्यावर रात्रभरात पडत ते पन्नास-साठ. मग बाकीचे तेल कुठे जाते? साडेतीनशे रुपये लिटरचा माल, रात्रीचा रस्ता, वाटेत ओळखीची गॅरेजे. मी ड्रायव्हरला अंगणात बोलावले आणि हा हिशेब मांडला. आरोप केला नाही; फक्त हिशेब मांडला. आरोप केला असता तर बरे झाले असते. निदान त्याला भांडता तरी आले असते.

तो खाली बघत ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर, तेल विकायचं असतं तर डिझेल विकलं असतं. ते जास्त मिळतं." चावी पायरीवर ठेवली आणि गेला.

पुढच्या तीन खेपा भावाच्या मेहुण्याने केल्या. त्याच्यावर संशय घेण्याची सोय नव्हती. तेल तेवढेच गेले. तिसऱ्या खेपेला माळशेजच्या घाटात, पावसात, तेलाचा लाल दिवा लागला. हा दिवा तेल कमी झाल्याचा नसतो, तेलाचा दाब गेल्याचा असतो. तो लागल्यावर 'पुढच्या धाब्यापर्यंत जाऊ' म्हणणाऱ्याने इंजिनकामाचे पैसे बाजूला काढून ठेवावेत. मेहुण्याने इंजिन तिथेच बंद केले, हे उपकार. माल दुसऱ्या टेम्पोत भरला आणि पिकअप ओढून आळेफाट्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे आणली.

या गृहस्थाने तासभर पान्याला हात लावला नाही. आधी प्रश्न. "सर, उभी असताना गळते का चालताना?" मी पुठ्ठ्याचे सांगितले. "पुठ्ठा उभ्या गाडीखाली असतो. चालत्या गाडीखाली कोण पुठ्ठा धरतो?"

माझा वीस हजार थेंबांचा हिशेब तिथेच कोसळला. गुणाकार बरोबर होता. पण मोजत होतो विश्रांतीचे तेल.

मग त्यांनी इंजिन डिझेल आणि ब्रशने लखलखीत धुतले, हवा मारून वाळवले, तेल पातळीला आणले आणि घामोळ्याची पावडर फुसफुसवली. मोठ्या वर्कशॉपात तेलात चमकणारा रंग घालून जांभळ्या दिव्याखाली पाहतात. यांचे काम डब्यावर भागले. गाडीत वाळूची पोती टाकून चढावर फेरी मारून आणली. पांढऱ्या पावडरीवर ओल लगेच उठते. "सगळ्यात खालचा डाग बघायचा नाही, सगळ्यात वरचा बघायचा," ते म्हणाले. वरचा डाग टॅपेट कव्हरच्या कडेला होता. पण पुढच्या सीलपाशीही ओल होती आणि मागच्या, अकरा हजारांच्या सीलपाशीही.

"तीन ठिकाणी एकदम सील जात नाही," एवढे बोलून त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल भरायचे झाकण सैल केले. ते कुकरच्या शिट्टीसारखे थडथडले आणि फस्सकन वाफारा आला. गेजची काडी अर्धा इंच वर उचलली गेली. मी ती काडी बघतच राहिलो.

इंजिन कितीही चांगले असो, जळलेल्या वायूचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांशेजारून निसटून खाली चेंबरमध्ये उतरतोच. भरल्या गाडीने घाट चढताना तर अधिक. तो बाहेर पडावा म्हणून ब्रीदरचा पाइप असतो. आमचा पाइप बाहेरून ठणठणीत. आतले अस्तर तेलाने फुगून सुटले होते, त्यात काळा चिकट गाळ. वाट बंद. कोंडलेला दाब मग जिथे कमजोर कड मिळेल तिथून तेल घेऊन बाहेर पडे. एक पॅकिंग बदलले की दुसरे शोधी. बंद पात्रातील दाब सर्व दिशांना सारखा, हा पास्कलचा नियम मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेन!

पाइप साडेतीनशेचा, म्हणजे एक लिटर तेलाच्या किमतीत. टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले, तेही सिलिकॉन न थापता. बोल्ट मधून कडेकडे, दोन फेऱ्यांत आवळले. पुन्हा झाकण सैल करून पाहिले. शांत. अजूनही वाफारा आला असता तर रिंगा गेल्या म्हणायच्या आणि खर्च वेगळाच. तेवढे नशीब होते.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरच्या घरी गेलो. तो एका शाळेच्या बसवर लागला होता. मी काय झाले ते सांगितले, चुकलो म्हणालो. त्याने चहा मागवला आणि फक्त विचारले, "ब्रीदर होता का?" मी हो म्हणालो. तो काही बोलला नाही. परत येशील का, हे विचारायला मी गेलो होतो. ते राहून गेले.

आता गाडी मेहुणाच चालवतो. बस आमच्या दारावरून जाते. एखाद्या दिवशी पिकअप अंगणात उभी असली तर ती क्षणभर थांबते, ड्रायव्हर खिडकीतून वाकून गाडीखाली बघतो आणि पुढे जातो. पुठ्ठा मी अजून टाकतो.