कोठडीतली पहिली रात्र

पोलीस घरी येतात, मुलाला किंवा नवऱ्याला सोबत घेऊन जातात आणि घरात एकच धावपळ उडते. कोणी वकिलाचा पत्ता शोधतो, कोणी जामिनासाठी पैशांची जुळवाजुळव करतो, तर कोणी शेजाऱ्यांना कळू नये म्हणून दार लावून घेतो. या गडबडीत कपाटातल्या औषधांच्या पिशवीकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. नेलेला माणूस चार वर्षांपासून मानसोपचारतज्ज्ञाकडे जात असेल, रोज रात्री झोपण्यापूर्वी गोळ्या घेत असेल, तर आज रात्री त्या त्याला कोण देणार?

अटकेनंतरचे पहिले काही दिवस सर्वांत नाजूक असतात. अब्रू गेल्याची भावना, नोकरीची काळजी, अनोळखी गर्दी आणि झोपेचे खोबरे. धडधाकट माणूसही यात खचतो, मग आधीच आजारी असलेल्याचे काय होत असेल? नॅशनल क्राइम रेकॉर्ड्‌स ब्युरोच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशातल्या तुरुंगांत ११९ कैद्यांनी आत्महत्या केली. त्या वर्षअखेरीस तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती आणि त्यातले सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता.

हे नाटक नव्हे

रोज दारू पिणाऱ्या माणसाला अचानक कोठडीत ठेवले की दारू बंद होते. घरच्यांना वाटते, बरे झाले, निदान या निमित्ताने तरी सुटेल. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात. काहींना फिट येते. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणतो, नाटके करतोय. वास्तविक ही अवस्था जिवावर बेतू शकते आणि तिला तातडीने इस्पितळातलेच उपचार लागतात. हीच गत फिट्‌सच्या गोळ्या एकदम थांबल्यावर होते. स्किझोफ्रेनियाच्या रोग्याचे औषध तुटले तर तो आठवडाभर शांत राहतो आणि मग बराकीत मारामारी करतो. त्याची शिक्षा त्याला वेगळी मिळते.

बंगलोरच्या निमहॅन्स संस्थेतल्या डॉक्टरांनी तिथल्या मध्यवर्ती कारागृहातल्या ५,०२४ कैद्यांची तपासणी केली होती. २०११ साली तिचा अहवाल आला. निव्वळ व्यसनाची प्रकरणे बाजूला काढल्यावरही २७.६ टक्के कैद्यांमध्ये मानसिक आजार आढळला. देशभरच्या सरकारी नोंदीत मात्र २०२२ मध्ये मानसिक आजारी कैद्यांची संख्या जेमतेम ९ हजारांच्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी होती. बाकीचे कुठे गेले? ते तुरुंगातच आहेत, फक्त त्यांना कोणी विचारलेले नाही.

विचारणार तरी कोण? आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे दर ५०० कैद्यांमागे एक मानसतज्ज्ञ हवा. २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टने सगळ्या देशात मिळून असे २५ जण मोजले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच राज्य सरकारांना बजावले होते की कैद्यांसाठी, विशेषतः पहिल्यांदाच आत आलेल्यांसाठी, समुपदेशक नेमा.

'वेडा' म्हणवून घ्यायची भीती

सगळा दोष सरकारवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आजार लपवण्यात घरचेही मागे नसतात. थोरल्याचे हे बाहेर पडले तर धाकटीचे लग्न कसे जमेल, ही चिंता कोठडीतल्या मुलापेक्षा मोठी ठरते. काहींना वाटते, आजाराचे सांगितले तर खटला बिघडेल. काहींना उलटेच वाटते की वेडा ठरला म्हणजे सुटला!

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. गुन्हा घडताना आपण काय करतो आहोत हेच ज्याला मनोविकारामुळे कळत नव्हते, त्याच्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम २२ आहे. ते सिद्ध करणे सोपे नसते. आरोपीला खटला समजतो का, आपला बचाव करता येतो का, हा दुसराच प्रश्न झाला आणि त्याची चौकशी न्यायालय वेगळी करते. या दोन्हींत न बसणाऱ्या रोग्यालाही कोठडीत औषध मिळण्याचा हक्क आहेच. त्यासाठी त्याने निर्दोष असावे लागत नाही.

गप्प राहिल्याची किंमत किती असू शकते? आसामच्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली आणि वर्षभरातच तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते पूर्ण बरे असल्याचे लिहून दिले. तरी त्यांना सोडण्याऐवजी पुन्हा तुरुंगात टाकले गेले. एक रुपयाच्या जातमुचलक्यावर ते बाहेर पडले तेव्हा २००५ साल उजाडले होते. चोपन्न वर्षांत खटला चाललाच नाही.

पोच घ्यायला विसरू नका

अटक झालेल्याला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते आणि अटकेनंतर त्याची वैद्यकीय तपासणीही व्हावी लागते. ही तपासणी बहुधा अंगावर मार आहे का एवढे पाहून आटोपते. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या झेरॉक्स प्रती काढा. आजार काय, गोळी कोणती, किती वाजता, दारूचे व्यसन आहे का, पूर्वी जीव द्यायचा प्रयत्न केला होता का, हे सारे एका साध्या कागदावर लिहून पोलीस ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेले ड्यूटी बदलली की विरून जाते. सुट्या गोळ्या पुडीत बांधून देऊ नका, त्या सहसा कोणी आत जाऊ देत नाही. हीच माहिती वकिलाने दंडाधिकाऱ्यांना सांगून उपचारांचा आदेश मागावा.

वकील परवडत नसेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा. कोठडीतल्या कोणालाही, त्याची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळतो. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांसाठी काम करतो आहे.

तुरुंगात गेल्यावर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लागू होतो. प्रत्येक राज्यात किमान एका कारागृहात मानसोपचाराची सोय हवी, असे त्याचे कलम १०३ सांगते. आजारी कैद्याला तिथे का हलवले नाही, असा जाब मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ कारागृहाच्या डॉक्टरांना विचारू शकते.

मुलाखतीला जाल तेव्हा जामिनाच्या तारखेआधी झोपेची चौकशी करा. तो जेवत नसेल, डोळ्याला डोळा देत नसेल, 'आता माझ्यासाठी येऊ नका' म्हणत असेल, तर त्याच दिवशी कारागृह अधीक्षकांना लेखी कळवा. आणि घरी बसलेल्या आईला किंवा बायकोलाही रात्र रात्र झोप लागत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.