भोकाभोवतीचं कापड

सुईच्या टोकावरून : भाग 9

बेव्हर्ली पार्कात गणपतीची आरास उतरायच्या आत माझ्या मशीनशेजारी चनियाचोळ्यांचा ढीग लागतो. मीरा रोडला गुजराती घरं भरपूर, त्यामुळे नवरात्राआधीचे पंधरा दिवस दाराची बेल थांबत नाही. पूर्वी चोळीच्या पाठीला दोन बंद आणि दोन लटकनं लावली की काम भागायचं. आता मुलींना मानेपासून कमरेपर्यंत बुटाच्या नाडीसारखी आडवीतिडवी ओवलेली दोरी हवी असते. म्हणजे दोन्ही कडा मिळून बारा-चौदा भोकं, आणि प्रत्येक भोकात धातूचं आयलेट.

अशी पहिली चोळी मी केली ती खणाची होती. कात्रीच्या टोकाने भोकं पाडली, आयलेट सहज बसावं म्हणून जरा ऐसपैसच. हातोडीने ठोकली, दिसायला झकास. गरब्याच्या तिसऱ्या रात्रीनंतर चोळी परत आली. चार आयलेटं दोरीत लोंबत होती आणि कापडात चार ठिकाणी धाग्यांच्या झिपऱ्या झाल्या होत्या. आयलेटांवर मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

मागच्या भागात काजाबद्दल लिहिलं, तेव्हा दोघी-तिघींनी विचारलं होतं की एवढं हाताने काज करत बसण्यापेक्षा रिंग ठोकली तर जास्त मजबूत नाही का होणार? हा भाग त्यांच्यासाठी. आयलेटला स्वतःची पकड फारशी नसते. दोरी घासून भोकाची कड झिजू नये आणि भोक गोल राहावं, एवढंच ते बघतं. ओढ सोसायची असते ती भोकाभोवतीच्या कापडाने. ते कापड लेचंपेचं असेल, तर सोन्याचं आयलेट लावलं तरी ते निसटणारच.

आयलेट हातात घेऊन नीट बघा. एक बारीकशी नळी आणि तिला वरच्या अंगाला गोल ओठ. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पत्रा प्रेसखाली दाबून वाटी काढतात, तसंच हेही होतं. धातूच्या पट्टीतून आधी इवलीशी वाटी ओढायची, ती टप्प्याटप्प्याने अरुंद आणि खोल करायची, मग तिचा तळ पाडून टाकायचा. बुडाशिवायची वाटी म्हणजे आयलेट. ती कापडातून आरपार गेली की मागे उरलेली नळीची कड बाहेरच्या बाजूला वळवायची. पुढचा ओठ आणि मागची वळलेली कड यांच्यामध्ये कापड चिमटीत सापडतं. त्या चिमटीत पुरेसं कापडच नसेल तर ती धरणार काय?

आता गंमत अशी की आपल्या जुन्या कपड्यांना या भोकांची गरजच पडली नाही. बाराबंदी घ्या, अंगरखा घ्या. बंद कापडालाच शिवलेले, गाठ मारली की झालं. परकराची नाडी नेफ्यातून जाते. म्हणजे आपण नाडीला भोकाऐवजी बोगदा दिला, आणि ताण सगळ्या कमरेवर वाटला गेला. तरी परकर कुठे फाटतो ते कोणत्याही बाईला विचारा. नेफ्याच्या तोंडाशी! नाडी जिथून बाहेर येते, नेमकं तिथे. ट्रॅकपँटच्या कमरेला त्याच जागी दोन आयलेटं असतात, ती काही शोभेची नव्हेत.

युरोपातही धातूची आयलेटं कपड्यांवर आली ती बरीच उशिरा, 1820 च्या दशकात, बायकांच्या कॉर्सेटवर. त्याआधी कितीतरी शतकं तिकडची भोकं दोऱ्याचीच असत. आरीने कापडाचे धागे बाजूला सारायचे आणि भोवताली दाट टाके घालायचे. धातू आल्यावर दोरी आणखी करकचून ओढता येऊ लागली, तो त्या बायकांच्या बरगड्यांना झालेला फायदा म्हणायचा की तोटा, ते तुम्ही ठरवा. आपल्याकडे धातूविना आयलेटचं घरगुती उदाहरण म्हणजे हकोबा. नाव एका ब्रँडचं, पण ते कापडालाच चिकटून बसलं. पांढऱ्या सुती कापडावरची ती टाक्यांनी वेढलेली भोकं आमच्या आयांच्या ब्लाउजवर अर्धं आयुष्य टिकली, तीही दर आठवड्याला धोपटण्याचा मार खाऊन.

हाताच्या भोकाचं रहस्य एवढंच की त्यात धागा कापला जात नाही, सरकवला जातो. धागे अखंड राहतात, उलट भोकाच्या कडेला गर्दी करून कापड तिथे घट्ट करतात. कात्रीने किंवा पंचने भोक पाडलं की उभे-आडवे दोन्ही धागे तुटतात, आणि तुटलेला धागा ओढ बसली की सुटायला मोकळा. खणासारख्या कापडात तर तो लगेच सुटतो. माझ्या चोळीचं तेच झालं.

म्हणून आता माझी पद्धत अशी. पाठीच्या कडेची पट्टी दुहेरी दुमडायची आणि तिच्या पोटात बकरम किंवा पेस्टिंगची पट्टी घालायची. कापड पातळ असेल तर जुन्या जीन्सचा तुकडासुद्धा चालतो, आत कोण बघतंय! काठापासून पहिलं भोक निदान अर्धा इंच आत. दोन भोकांत साधारण एक इंच. अंतर वाढलं की दोरी ओढल्यावर मधली कड फुगते आणि तिथून पाठ दिसते. ती फुगू नये म्हणून मी भोकांच्या रांगेला लागून प्लॅस्टिकची चपटी पट्टी शिवून टाकते. दोरी फुलीसारखी ओवायची असेल तर दोन्ही कडांची भोकं समोरासमोर हवीत. एकाच दोरीने नागमोडी ओवायचं असेल तर एका बाजूची अर्ध्या अंतराने खाली सरकवायची. हे आधी ठरवलं नाही तर चोळी एका बाजूने वर चढते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं खांदे कापताना चूक झाली.

भोक नळीपेक्षा लहानच पाडायचं. सुती कापडाला मी आरी वापरते, तीच चांभाराची. टोक घुसवून फिरवत फिरवत भोक रुंद करायचं आणि आयलेट पिळून पिळून आत दाबायचं. नळी सहज आत गेली तर समजावं की भोक बिघडलं. जाड थराला पंच लागतोच, तेव्हा सगळ्यात लहान मापाचा घ्यावा. आयलेट सुलट्या बाजूने घालून कापड उलटं करायचं. नळी मागे दोन-तीन मिलिमीटर वर आली पाहिजे. कमी आली तर कड वळायला धातूच पुरत नाही, जास्त आली तर ती वेडीवाकडी कोसळते. मग वॉशर, त्यावर डाय, आणि हातोडीचे हलके, सरळ दोन-तीन ठोके. एकाच दणक्यात काम उरकायला गेलं की नळी पाकळ्यांसारखी फाटते, आणि त्या पाकळ्या पुढे दोरी कातरत राहतात.

ठोकायचं कुठे, हा फ्लॅटमधला मोठा प्रश्न. डायनिंग टेबलावर ठोका तर टेबलच उसळतं आणि निम्मा ठोका वाया जातो. फरशीवर ठोका तर फरशी तडकते. मी सासूबाईंचा पाटा वापरते. मिक्सर आल्यापासून तो गॅलरीत पडून होता. आता त्यावर फळी आणि फळीवर डाय. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा वर येऊन विचारलं होतं, "अगं, दुपारी दुपारी काय कुटतेस?" तेव्हापासून आयलेटं सकाळी दहाच्या पुढे आणि एकच्या आत. बसलेलं आयलेट नखाने फिरवून बघावं. फिरलं तर ते कापडाच्या चिमटीत नाहीच. उपटा आणि दुसरं लावा.

धातूचंही बघावं लागतं. खाडी आणि समुद्र दोन्ही जवळ असल्यामुळे आमच्याकडची हवा खारट, त्यात चार महिने पाऊस. निकेलचा मुलामा दिलेलं लोखंडी आयलेट आणि तसलंच पितळी, दुकानात दोन्ही सारखीच चमकतात. फ्रिजवरचा लोहचुंबक सोबत घेऊन जावा. चिकटला तर आत लोखंड. पितळेला किंवा अॅल्युमिनियमला तो चिकटत नाही. ठोकताना कड वळते तिथेच मुलामा तडकतो आणि गंज तिथून सुरू होतो. सुती चोळीवर तांबडं कडं उमटलं तर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवावं, पण आधी कोपऱ्यात रंग जातो का ते बघून. आणि निकेलने अंगाला खाज सुटणाऱ्या मुली असतात. त्यांच्या चोळीला मागून अस्तराची पट्टी द्यावी, म्हणजे धातू पाठीला लागत नाही.

पडद्यांच्या रिंगांबद्दल विचारणाऱ्यांसाठी एकच. त्या बहुधा प्लॅस्टिकच्या, दोन भाग एकमेकांत दाबून बसणाऱ्या, हातोडी नको. मात्र एका पडद्याला रिंगा सम संख्येत घ्या. आठ किंवा दहा घेतल्या की पडद्याची दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. नऊ घेतल्या तर एक टोक खोलीत तोंड काढून बसतं.

शेवटी आमच्या नाक्यावरचे फ्लेक्स. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, चारही कोपऱ्यांत रिंगा मारलेले. कड दुमडून, चिकटवून मग रिंग मारलेला फ्लेक्स पावसाळा काढतो. नुसत्या एकेरी कडेवर मारलेला पहिल्या वाऱ्यात जातो. खांबाकडे मान वर करून बघा कधी. भाऊ, दादा, शुभेच्छुक सगळे उडून गेलेले असतात आणि सुतळीला रिंग तेवढी लटकत असते, काठाला नखाएवढी चिंधी घेऊन.

ती खणाची चोळी मी टाकली नाही. फाटलेल्या जागांवर आतून काळ्या पॉपलिनची दुहेरी पट्टी बसवली आणि चौदाच्या चौदा भोकं काजटाक्याने हाताने गुंफली, धातू अजिबात नाही. दोन संध्याकाळी गेल्या आणि डोळे दुखले. पैसे अर्थातच घेतले नाहीत. मुलगी दसऱ्याला तीच घालून जिलबी द्यायला आली होती, आणि मी जिलबी घ्यायच्या आधी तिला पाठ फिरवायला लावली.

पुढच्या आठवड्यात : चेन, आणि ती मध्येच का अडकते.