सावलीची बाग : झुडपांची निवड

बागेचा विचार मनात आला की गुलाब, जास्वंद, मोगरा, बोगनवेल ही नावे सर्वप्रथम डोळ्यांपुढे येतात. ही सर्व उन्हाची झाडे आहेत. दिवसातून पाच-सहा तास थेट ऊन मिळाले नाही, तर ती जगतात, परंतु मनासारखी फुलत नाहीत. शहरात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येणारी जागा मात्र सावलीची असते. शेजारच्या इमारतीमागची पट्टी, कुंपणाच्या भिंतीलगतचा वाफा, जुन्या आंब्याखालची मोकळी जमीन किंवा उत्तरेकडची गॅलरी, हेच आपले बागेचे क्षेत्र. अशा जागी हौसेने आणलेला गुलाब पहिल्या बहरानंतर पुन्हा फुलत नाही. मग खत वाढवले जाते, पाणी वाढवले जाते आणि अखेर दोष सावलीला दिला जातो. ‘या आंब्याच्या फांद्या उतरवल्याशिवाय येथे काही यायचे नाही’, असा निर्णय अनेक गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये सहज होऊन जातो.

वास्तविक कुऱ्हाड हाती घेण्यापूर्वी विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे. या सावलीत समाधानाने वाढेल असे झुडूप कोणते? त्याचे उत्तर आपल्या देशात मुबलक आहे. मात्र त्यासाठी निवडीचा क्रम उलटा करावा लागतो. आधी झुडूप पसंत करून मग त्याला जागा शोधण्याऐवजी आधी जागेची सावली ओळखावी आणि मग तिला साजेसे झुडूप आणावे.

सावलीतील वनस्पतींचे अर्थशास्त्र

सह्याद्रीच्या रानात उंच वृक्षांच्या छत्राखाली कारवीची दाटी आढळते. कर्नाटकातील कोडगू आणि चिक्कमगळूरु या जिल्ह्यांत कॉफीचे मळे मोठ्या वृक्षांच्या छायेतच राखले जातात, कारण अरेबिका कॉफीचे मूळ घर म्हणजे इथिओपियातील डोंगराळ अरण्याचा तळ. आसामच्या चहामळ्यांतही चहाच्या झुडपांवर सावली धरण्यासाठी शिरीषवर्गीय वृक्ष मुद्दाम लावले जातात. म्हणजेच सावली ही प्रत्येक झुडपाची अडचण नसून अनेकांची ती गरज आहे.

यामागील तत्त्व जमाखर्चाच्या भाषेत सहज समजते. प्रकाशात तयार होणारे अन्न ही वनस्पतीची जमेची बाजू, तर रात्रंदिवस चालणारे श्वसन हा तिचा न टळणारा खर्च. उन्हाच्या झाडाचा हा खर्च मोठा असतो. सावलीत त्याची आवक घटते, खर्च मात्र तितकाच राहतो आणि साठवलेले भांडवल हळूहळू संपते. सावलीतील झुडपे बेताच्या खर्चात राहणारी असतात. त्यांची पाने बहुधा रुंद, पातळ आणि गडद हिरवी असतात. त्यामुळे थोडा प्रकाशही ती पुरेपूर उपयोगात आणतात. त्यांची वाढ मात्र सावकाश होते, हे आरंभीच लक्षात घेतलेले बरे.

सावलीचे प्रकार

सर्व सावल्या सारख्या नसतात. ढोबळमानाने त्यांचे चार प्रकार करता येतील.

पहिली अर्धी सावली. पूर्वेकडील जागेत सकाळचे तीन-चार तास कोवळे ऊन येते व नंतर सावली पडते. झुडपांसाठी ही सर्वांत सोयीची जागा होय. पश्चिमेकडील जागेतही ऊन तितकेच तास असते, पण दुपारचे कडक ऊन नाजूक पाने करपवते.

दुसरी झाडाखालची कवडशांची सावली. येथे प्रकाश झिरपत राहतो. परंतु मोठ्या झाडाची मुळे जमिनीतील पाणी व अन्न ओढून घेतात आणि पावसाच्या हलक्या सरी पानांवरच अडतात. म्हणून ही सावली अनेकदा कोरडी असते.

तिसरी इमारतीच्या उत्तरेकडील उजळ सावली. येथे थेट ऊन नसते, पण आकाश मोकळे असल्याने उजेड भरपूर असतो.

चौथी दाट सावली. दोन इमारतींमधील बोळ, जिन्याखालची जागा किंवा चारही बाजूंनी बंदिस्त चौक यांत ती आढळते.

आपली सावली ओळखण्यासाठी कोणत्याही उपकरणाची आवश्यकता नाही. सुटीच्या दिवशी सकाळी आठपासून सायंकाळी सहापर्यंत दर दोन तासांनी त्या जागी ऊन आहे की नाही याची नोंद करावी. जेथे थेट ऊन नसेल तेथे भर दुपारी जमिनीवर पांढरा कागद ठेवून त्यावर सुमारे एक फूट उंचीवर हात धरावा. हाताची सावली अंधूक पण ओळखू येईल अशी असेल तर जागा उजळ आहे. ती जेमतेम जाणवत असेल तर सावली दाट समजावी.

ही पाहणी एकदा डिसेंबरात आणि एकदा मे महिन्यात करणे इष्ट. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे तेथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. एरवी वर्षभर सावलीत असणाऱ्या उत्तरेच्या गॅलरीत मे महिन्यात अचानक ऊन उतरते आणि सावलीला सरावलेली पाने भाजून निघतात. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्याने तेथे दुपारचे ऊन कधीच उत्तरेकडून येत नाही. मात्र उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी तिरपे किरण तेथील उत्तरेच्या भिंतीलाही स्पर्श करतात. अशा काळापुरता साधा पडदा किंवा हिरवी जाळी बांधली तरी काम भागते.

कोणत्या जागी कोणते झुडूप?

सकाळचे ऊन मिळणाऱ्या अर्ध्या सावलीत फुलझुडपांना भरपूर वाव आहे. अनंताची शुभ्र, सुगंधी फुले येथे उत्तम येतात. या झुडपाला किंचित आम्ल, ओलसर पण निचऱ्याची माती मानवते. पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहू लागल्या, तर मातीचा किंवा पाण्याचा क्षार वाढला असण्याची शक्यता असते. कुंतीची चकचकीत पाने वर्षभर शोभा देतात आणि तिचे सुगंधी बहर मन प्रसन्न करतात. कातरून तिचे दाट कुंपणही करता येते. तगर ही तर निगेची फारशी अपेक्षा न ठेवणारी. देवपूजेला बाराही महिने पांढरी फुले देणारी. एक्झोराही येथे तग धरतो, परंतु ऊन जितके कमी तितके त्याचे गुच्छ कमी येतात.

झाडाखालच्या कवडशांच्या सावलीसाठी आपल्याच मातीतील एक कुटुंब विशेष उपयुक्त आहे. अबोली, कोरांटी, अडुळसा आणि कारवी ही सर्व ॲकँथेसी या एकाच कुळातील होत. अबोली फूट-दोन फूट उंचीची राहते, म्हणून ती वाफ्याच्या पुढच्या ओळीत लावावी. कोकण-गोव्यात गजऱ्यासाठी प्रिय असलेल्या या फुलाने मराठीला एका रंगाचे नावही दिले आहे. कोरांटी पिवळ्या, जांभळ्या व पांढऱ्या रंगांत मिळते; त्यांपैकी पिवळीला काटे असतात, हे लहान मुले खेळत असल्यास ध्यानात ठेवावे. अडुळसा माणसाच्या उंचीहूनही वाढतो आणि त्याच्या कडवट पानांना गुरे सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे कुंपणालगतच्या मागच्या ओळीत तो शोभतो.

उजळ परंतु उन्हाविना असलेल्या जागेत फुलांचा आग्रह थोडा सैल करावा आणि पानांच्या सौंदर्याकडे वळावे. एरेलिया, शेफ्लेरा आणि ड्रेसीना यांचे हिरवे व पांढरट-पिवळ्या कडांचे अनेक प्रकार रोपवाटिकांत मिळतात. क्रोटन येथे जगतो, पण त्याचे लाल-पिवळे रंग उन्हाविना फिके पडून पाने हिरवट होत जातात. रंगासाठी तो घेत असाल तर त्याला अर्ध्या सावलीचीच जागा द्यावी.

दाट सावलीत पर्याय मोजके आहेत. झुडपासारखे बेटाने वाढणारे रॅपिस पाम व बांबू पाम, तसेच गडद हिरव्या पानांचा ड्रेसीना हे येथील विश्वासू सोबती होत. डिफेनबेकियाही अशा जागी टिकतो. मात्र त्याचे पान चावले गेल्यास तोंडाची तीव्र आग होऊन सूज येते. घरात रांगते मूल वा पाळीव प्राणी असेल तर तो टाळणेच शहाणपणाचे. दिवसाही दिवा लावावा लागतो अशा ठिकाणी कोणतेच झुडूप कायमचे राहू शकत नाही.

ही निवड प्रामुख्याने उष्ण हवामानाची झाली. महाबळेश्वर, उटी, सिमला यांसारख्या थंड ठिकाणी हायड्रेंजियाला सावली मानवते. आम्ल मातीत त्याची अनेक वाणे निळी फुलतात, तर अल्कधर्मी मातीत तीच गुलाबी होतात. दार्जिलिंग परिसरात कॅमेलिया व ॲझेलिया ही झुडपे कवडशांच्या सावलीत फुलतात. मैदानी प्रदेशातील उन्हाळा मात्र त्यांना सोसत नाही. पर्यटनाहून परतताना त्यांची रोपे आणण्याचा मोह आवरावा.

नाव बदलते, झुडूप तेच

बँकेच्या सेवेत बदली ठरलेली असते आणि आपले अनेक ग्राहकही नोकरी-व्यवसायानिमित्त परप्रांतात स्थिरावलेले असतात. तेथील रोपवाटिकेत मराठी नाव सांगून रोप मिळत नाही. अशा वेळी थोडी पर्यायी नावे हाताशी असावीत. आपली तगर हिंदी भाषक प्रदेशात ‘चांदनी’, तेलुगूत ‘नंदिवर्धनम्’ आणि तमिळमध्ये ‘नंदियावट्टै’ या नावाने ओळखली जाते. अनंताला हिंदी व बंगालीत ‘गंधराज’ म्हणतात, तर कुंती तेथे ‘कामिनी’ होते. अबोली दक्षिणेत ‘कनकांबरम्’ या नावाने परिचित आहे. अडुळसा हिंदीत ‘अडूसा’, बंगालीत ‘बासक’ आणि तमिळमध्ये ‘आडातोडै’ होतो.

लागवड आणि निगा

लागवडीस पावसाळ्याचा आरंभ उत्तम. साधारण दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन दोन भाग माती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत भरावे. मोठ्या झाडाखाली खणताना बोटाहून जाड मूळ लागल्यास ते तोडू नये. खड्डाच थोडा सरकवावा. बुंध्याभोवती मातीचा ढीग रचणेही त्या झाडाला घातक ठरते. रोपवाटिकेत उन्हात वाढवलेले रोप एकदम दाट सावलीत ठेवल्यास ते पाने गाळते. दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने त्याची जागा बदलावी. तसेच एकाच वेळी दहा रोपे घेण्यापेक्षा प्रथम एक-दोन लावून एका ऋतूचा अनुभव घ्यावा. खर्चही वाचतो आणि जागेची पारखही होते.

सावलीतील झुडपे दगावतात ती पुष्कळदा अंधाराने नव्हे, तर अति पाण्याने. ऊन नसल्याने माती लवकर सुकत नाही. रोज पाणी घातल्यास मुळे कुजतात. वरची इंचभर माती बोटाने चाचपून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. कोरड्या सावलीत याउलट पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात नियमित पाणी लागते आणि पालापाचोळ्याचे आच्छादन फार उपयोगी पडते. कुंडीखालच्या ताटलीतील पाणी सावलीत दिवसेंदिवस साचून राहते व त्यात डेंग्यू पसरवणारे डास वाढतात. म्हणून ती आठवड्यातून किमान एकदा रिकामी करून घासावी.

खत बेतानेच द्यावे, कारण मंद वाढीच्या झुडपाला जादा नत्र दिल्यास फांद्या लांबट व दुबळ्या होतात. पानांवरील धूळ प्रकाश अडवते, तेव्हा पंधरवड्यातून एकदा ती पाण्याने धुवावीत. समोरच्या भिंतीला पांढरा रंग दिल्यास परावर्तित उजेडाने जागा लक्षणीय उजळते. हवा कोंडणाऱ्या जागी पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पुसून कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी.

मोठे झाड ही ठेवच

एवढे करूनही एखादा कोपरा हवा तसा बहरला नाही, तरी त्यासाठी वृक्षाचा बळी देणे योग्य नव्हे. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा अधिनियम असून वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीविना झाड तोडणे हा गुन्हा ठरतो. दिल्लीतही अशा स्वरूपाचा कायदा १९९४ मध्ये झाला. फांद्या उतरवण्यासंबंधीही स्थानिक संस्थेकडे आधी विचारणा करावी. परंतु कायद्याहून मोठा विचार मुदतीचा आहे. गुलाबाचे रोप आज आणून उद्या लावता येते. पन्नास वर्षांच्या आंब्याची छाया मात्र कोणत्याही किमतीला तयार मिळत नाही. ती मागच्या पिढीने आपल्या नावे ठेवलेली दीर्घ मुदतीची ठेव आहे. ती मुदतीपूर्वी मोडण्याऐवजी तिच्या छायेत अबोलीची एक ओळ आणि मागे अडुळशाची रांग लावावी. उन्हाळ्याच्या दुपारी त्या सावलीत बसण्याचे सुख आपल्यालाही लाभेल आणि पुढच्या पिढीलाही.