संप सरले, खटले उरले

8 मे 2012 रोजी एअर इंडियाचे पायलट एकाएकी आजारी पडले. आजार पसरत गेला, लांब पल्ल्याची उड्डाणं रद्द होत गेली, दिल्ली उच्च न्यायालयाने संपाला मनाई केली, व्यवस्थापनाने 101 जणांना घरी बसवलं, तरी पायलट मंडळींना बरं वाटायला 58 दिवस लागले. 3 जुलैला संप मागे घेतला तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतलेली होती. या संघटनेचं नाव इंडियन पायलट्स गिल्ड. ठाणं मुंबई.

संप कशासाठी होता हे आज तिशीतल्या पायलटला सांगितलं तर तो चक्रावून जाईल. पगार हे तेव्हाचं मुख्य भांडण नव्हतं. एअर इंडिया नवी बोइंग 787 ड्रीमलायनर विमानं घेत होती. 2007 साली इंडियन एअरलाइन्स तिच्यात विलीन झाली होती, आणि तिकडच्या पायलटांनाही ड्रीमलायनरचं प्रशिक्षण मिळणार होतं. गिल्डचा विरोध होता तो याला. मोठं विमान आमचं, कमांडची म्हणजे कॅप्टन होण्याची रांग आमची, त्यात दुसरे नकोत. म्हणजे पायलटांच्या संघटनेने पायलटांच्याच विरोधात केलेला हा संप. गिल्डचा बचाव करणारे विलीनीकरणात सेवाज्येष्ठता कशी बुडते ते समजावून सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. पण पायलटाच्या भविष्याची काळजी करताना गिल्डने आधी ‘कुठला पायलट’ असं विचारलं, हे माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं नुकसान ठरलं. मान्यता गेल्याने झालं नसेल एवढं.

त्याच्या आदल्याच वर्षी पलीकडच्यांनीही हाच खेळ केला होता. इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांची संघटना म्हणजे इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. 27 एप्रिल ते 6 मे 2011 असे दहा दिवस तिने संप केला. मागणी होती एअर इंडियावाल्यांइतक्या पगाराची. तिचीही मान्यता गेली, कार्यालयांना कुलपं लागली. एका कंपनीत दोन संघटना, आणि दोघींची नजर एकमेकींच्या ताटावर.

संघटनांमध्ये हे बळ आलं कुठून? 1953 च्या कायद्याने देशातली विमानसेवा सरकारने ताब्यात घेतली. परदेशी उड्डाणांना एअर इंडिया, देशांतर्गत उड्डाणांना इंडियन एअरलाइन्स. पायलटला तिसरं दार नव्हतं, तसंच सरकारलाही दुसरा पायलट नव्हता. अशा जागी संघटना संप करते तेव्हा देश थांबतो. 1992 च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सचे पायलट संपावर गेले. सरकारने उझबेकिस्तानकडून चालकांसकट विमानं भाड्याने आणली. त्यातलं एक तुपोलेव्ह 9 जानेवारी 1993 रोजी दिल्लीत धुक्यात उतरताना उलटं झालं. सगळे वाचले, पण नागरी विमान वाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनी राजीनामा दिला. पायलटांच्या संपाने मंत्र्यांची खुर्ची हलली, ती अशी. मुंबईच्या ज्या गिरणगावाने 1982 च्या गिरणी संपात लाखो कामगार देशोधडीला लागलेले पाहिले, त्याला हे ऐकून हेवा वाटला असेल. गिरण्या बंद पडल्या तरी मालकाकडे जमीन होती. सरकारी विमान कंपनीला पायलटाशिवाय दुसरा पर्याय नव्हता.

पण तिसरं दार तोवर किलकिलं झालंच होतं. ईस्ट-वेस्ट ही खासगी कंपनी आधी आली, 5 मे 1993 ला जेट एअरवेजचं पहिलं उड्डाण झालं, 1994 मध्ये सरकारी मक्तेदारीचा कायदाच गेला. खासगी कंपनीत गिल्ड उभं करणं म्हणजे काय, ते जेटच्या पायलटांनी 2009 मध्ये अनुभवलं. मुंबईत त्यांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड नोंदवलं. त्यात पुढाकार घेणाऱ्या दोन कॅप्टनना कंपनीने काढून टाकलं. सप्टेंबरात शेकडो पायलट सामूहिक आजारी रजेवर गेले, विमानं जमिनीवर आली, आणि पाचएक दिवसांत काढलेल्यांना परत घ्यावं लागलं. गिल्ड जिंकलं. दहा वर्षांनी, 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेटचं शेवटचं विमान उतरलं. कित्येक महिन्यांचा पगार थकलेला. गिल्ड पत्रं लिहीत होतं, पंतप्रधानांना विनवत होतं, पण भांडायला समोर कंपनीच उरली नव्हती. ज्येष्ठ पायलट दुसऱ्या कंपनीत गेले ते सेवाज्येष्ठतेच्या यादीत तळाला. विमान कंपनी बदलली की आधीची रांग हवेत विरते, आणि कुठल्याही गिल्डला ती दुसरीकडे नेता येत नाही.

या सगळ्या काळात तरुण पायलट घडण्याची पद्धतच बदलली. गोंदियाजवळ बिरसीला, धुळ्याला, बारामतीला मुलं-मुली दोनशे तासांचं उड्डाण पुरं करून व्यावसायिक परवाना घेतात. मग ठरावीक जातीचं विमान चालवण्यासाठी लागणारं टाइप रेटिंग. सगळा खर्च अर्ध्या कोटीच्या पुढे सहज जातो. घर गहाण, कर्ज वडिलांच्या नावावर, आणि पुष्कळदा कंपनीच्या कॅडेट योजनेचा करार उड्डाण शिकण्याआधीच सही केलेला. पूर्वी पायलट आधी नोकरीला लागायचा आणि पहिल्याच आठवड्यात एखादा ज्येष्ठ कॅप्टन गिल्डचा अर्ज त्याच्या हातात द्यायचा. आता कंपनी त्याच्या आयुष्यात परवान्याच्याही आधी येते. राजीनामा द्यायचा तर 2017 च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची नोटीस, फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची. अशा मुलाला ‘संघटनेत ये’ म्हणायचं, तर त्याने आधी हप्त्याचा विचार कसा करू नये?

देशातल्या सर्वात मोठ्या विमान कंपनीत, इंडिगोत, पाच हजारांहून जास्त पायलट आहेत, आणि तिथे जुन्या अर्थाचं मान्यताप्राप्त गिल्ड नाही. टाटांनी 27 जानेवारी 2022 ला एअर इंडिया घेतली. पुढच्या वर्षी नवी वेतनरचना आली तेव्हा दोन्ही जुन्या संघटना एका बाजूला उभ्या राहिल्या आणि सदस्यांना म्हणाल्या, सही करू नका. कंपनीचं उत्तर सरळ होतं: आमच्याकडे मान्यताप्राप्त संघटनाच नाही. काही वर्षं कमांड केलेल्या कॅप्टनना व्यवस्थापनाच्या श्रेणीत घ्यायची योजनाही त्या कागदांत होती. व्यवस्थापनातला माणूस कामगार नाही, आणि कामगार नाही त्याला औद्योगिक कायद्याचं कवच नाही. चतुराई म्हणतात ती हीच.

आजारी पडायची जुनी युक्तीही आता तितकी बिनधोक नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत संपाला 14 दिवसांची आगाऊ नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच. वाटाघाटीचा एकमेव अधिकार हवा तर 51 टक्के सदस्य दाखवावे लागतात. गंमत म्हणजे गिल्ड नसलं तरी तरुण एकत्र येतातच. एप्रिल 2024 मध्ये विस्तारा या विमान कंपनीच्या पायलटांनी पगाराच्या हमीचे तास 70 वरून 40 वर आणणाऱ्या नव्या पगाराविरुद्ध नाराजी दाखवली आणि रोज डझनावारी उड्डाणं रद्द झाली. पण अशा उसळीचा इतिहास कुणाच्या कपाटात राहत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणि कपाट हाच गिल्डचा उरलेला ऐवज आहे, असं मला वाटतं. उदाहरण विश्रांतीच्या नियमांचं घ्या. 1992 च्या परिपत्रकातले उड्डाण-तासांचे नियम जुने झाले म्हणून विमान वाहतूक महासंचालनालयाने 2007 मध्ये नवे, कडक नियम काढले. कंपन्यांनी गाऱ्हाणं घातलं. 2008 च्या मेमध्ये नवे नियम स्थगित होऊन 1992 चे परत आले. संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, हरल्या. सर्वोच्च न्यायालयात गेल्या, 3 मे 2011 ला तिथेही हरल्या. त्याच वर्षी पुन्हा नवे नियम निघाले. आता पुढचा अंक. जानेवारी 2024 मध्ये आणखी सुधारित नियम आले: आठवड्याची सलग विश्रांती 36 ऐवजी 48 तास, रात्र म्हणजे बारा ते पाचऐवजी बारा ते सहा, रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन. ते जूनपासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा लांबणीवर. या वेळी संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालय सोडलं नाही, आणि 2025 च्या 1 जुलैला एक टप्पा, 1 नोव्हेंबरला दुसरा, असं वेळापत्रक पदरात पाडून घेतलं.

मी हे तानसा नदीकाठच्या अकलोलीत बसून लिहितो आहे. इथून भिवंडीकडे गेलं की यंत्रमागाचा खडखडाट सुरू होतो, आणि त्या शेडमधल्या बारा तासांच्या पाळीला अठ्ठेचाळीस तासांची विश्रांती हे चैनीचं बोलणं वाटेल. पण माग चालवणाऱ्याच्या डुलकीने कापड खराब होतं, फार तर त्याचा हात जातो. पायलटच्या मागे दीडशे-दोनशे माणसं बसलेली असतात. 17 ऑगस्ट 2023 रोजी नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणाआधी इंडिगोचा एक कॅप्टन बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि गेला. वय अवघं चाळीस. त्याला आधी 27 तासांची विश्रांती मिळाली होती, असं कंपनीने सांगितलं. त्या मृत्यूचं कारण थकवा होतं असं म्हणता येणार नाही. रोस्टरबद्दलची चर्चा मात्र त्यानंतर वाढली.

डिसेंबर 2025 मध्ये काय झालं ते सगळ्या प्रवाशांना ठाऊक आहे. नव्या नियमांना पुरेल एवढे पायलट इंडिगोने ठेवले नव्हते. 5 डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली, आणि महासंचालनालयाने रात्रीच्या नियमांतून कंपनीला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली. 2008 ची आठवण ज्यांना होती, त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ही आठवण असणारे लोक गिल्डच्या आणि फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्ससारख्या संघटनांच्याच खोल्यांत सापडतात.

लंडनमध्ये 1929 साली स्थापन झालेलं एक वेगळ्या जातीचं गिल्ड आहे, आता त्याला ऑनरेबल कंपनी ऑफ एअर पायलट्स म्हणतात. त्याचे पहिले मास्टर सेफ्टन ब्रँकर आणि संस्थापकांपैकी एक जॉन्स्टन, दोघेही ऑक्टोबर 1930 मध्ये आर-101 या हवाई जहाजाच्या अपघातात गेले. जहाज निघालं होतं कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. ही संस्था पगारासाठी भांडत नाही. शिष्यवृत्त्या देते, नवोदितांना ज्येष्ठांशी जोडते, व्यवसायाची पत सांभाळते. आपल्याकडे कुणी तिचा कित्ता गिरवायला सांगितला तर मी नको म्हणेन. कर्जबाजारी फर्स्ट ऑफिसरला भोजनसमारंभ पुरत नाही.

त्याला काय पुरतं ते 12 जून 2025 नंतर दिसलं. अहमदाबादला एअर इंडियाचं एआय-171 विमान कोसळलं, 260 जण गेले, आणि महिन्याभराने प्राथमिक अहवाल आल्यावर बोट मेलेल्या पायलटांकडे वळलं. स्वतःची बाजू मांडायला ते दोघे नव्हते. इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने त्या तर्कटांचा निषेध केला. फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स आणि कॅप्टनचे वृद्ध वडील स्वतंत्र चौकशी मागत सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबरमध्ये न्यायालय त्या वडिलांना म्हणालं की तुमच्या मुलाला कुणी दोषी धरू शकत नाही. उद्या अशी वेळ इंडिगोच्या किंवा अकासाच्या पंचविशीतल्या मुलीवर आली, तर तिच्या घरच्यांनाही हेच दार ठोठावावं लागेल, तिने आयुष्यात एक रुपया वर्गणी भरलेली असो वा नसो. 48 तासांची विश्रांती तर ती आजही घेतेच आहे.